नेट आलं की फाइल अडते

९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

तेंदूची गर्दी आजपासून. रानात बेलकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, लागली की ग्रामसभांचे लोक लिलावाच्या जाहिराती टाइप करायला धानोऱ्यात येऊ लागतात. पूर्वी हा सगळा व्यवहार वनविभाग बघायचा. पेसा हा आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा आणि वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. म्हणजे जाहिरात त्यांची, अटी त्यांच्या, करारनामा त्यांचा आणि टायपिंग आमच्यासारख्या झेरॉक्सवाल्यांचं.

सकाळी मुरुमगावकडच्या एका ग्रामसभेचे सचिव आले. पेनड्राइव्हवर गेल्या वर्षीची फाइल होती. तारखा बदलायच्या, स्टँडर्ड बॅगांचा अंदाज बदलायचा, अनामत रक्कम बदलायची. चहा येईपर्यंत उरकावं असं काम. फाइलवर डबल क्लिक केलं आणि वर्डची खिडकी पांढुरकी पडली. वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग'. चक्र फिरतंय, बाकी सगळं ठप्प.

"ताई, हे कई उघडते जी? मले दुपारची गाडी पकडाची हाय."

उघडली. चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तेव्हा उघडली. आणि उघडल्यावर अशी सुरळीत चालली की तक्रारीला जागा नाही. टाइप करा, सेव्ह करा, प्रिंट काढा, कुठे अडखळ नाही. मग त्यांची दुसरी फाइल घेतली, करारनाम्याची. पुन्हा तेच.

सचिवांची गाडी गेली. ओळखीच्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेले. जाताना म्हणाले, "कंप्युटर म्हातारं झालं वाटते तुमचं." कंप्युटर मागच्या दिवाळीत घेतलेला आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

गडचिरोलीच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "विंडोज फॉरमॅट मारून टाका." फॉरमॅट हा मेकॅनिकच्या सोयीचा उपाय आहे. त्यात कारण शोधावं लागत नाही. मी नाही म्हटलं.

काय काय करून पाहिलं ते इथे लिहून ठेवते. नवी कोरी फाइल लगेच उघडते. इथेच टाइप केलेलं शाळेचं पत्र लगेच. ग्रामसभांच्या काही फाइली अडतात, काही नाही. अडणाऱ्यांत एका पानाचा ठराव आहे आणि न अडणाऱ्यांत पन्नास पानांची यादी आहे, म्हणजे आकाराशी संबंध नाही. पेनड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी केली, तरी अडते. अँटिव्हायरस थांबवला, तरी अडते. कंट्रोल दाबून धरून वर्ड सेफ मोडमध्ये सुरू केलं. तसं केलं की जोडलेले बाकीचे छोटे प्रोग्रॅम येत नाहीत. त्यातही अडते.

मग तीच फाइल बाजूच्या मशीनवर टाकली. तिथेही खिडकी पांढरी. इथे माझा जीव थोडा भांड्यात पडला. दोन मशीन एकाच दिवशी एकाच फाइलीवर बिघडत नसतात. रॅम, हार्डडिस्क, विंडोज यांना आता सोडून द्यायला हरकत नाही. खोट फाइलीत आहे, किंवा फाइल जे काही मागते आहे त्यात.

भाचा म्हणतो, "मावशी, व्हायरस असन." बारावीनंतर तो दुकानात मदतीला येतो. व्हायरस असता तर उघडल्यावर काहीतरी त्रास दिला असता. ही फाइल नुसतीच ताटकळते आणि मग गुपचूप उघडते.

गिऱ्हाइकांसाठी एक सूचना कागदावर लिहून चिकटवली: खिडकी पांढरी झाल्यावर क्लिक करू नये. प्रोग्रॅमने पाच सेकंद कुठल्याच क्लिकची दखल घेतली नाही की विंडोज ती खिडकी पांढुरकी करून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. प्रोग्रॅम मेलेला असतोच असं नाही, तो दुसरीकडे गुंतलेला असतो. आपण रागाने मारलेले क्लिक रांगेत साचतात आणि सुटका झाली की एकदम अंगावर येतात. आणि टास्क मॅनेजरमधून मारून टाकलं तर पुढच्या वेळी 'रिकव्हर करू का' म्हणून तीच फाइल पुन्हा समोर.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून नेट नाही. गडचिरोलीच्या रस्त्यावर कुठेतरी खोदकामात केबल तुटली म्हणतात. ऑनलाइन फॉर्मवाली पोरं येऊन परत गेली. दुकान रिकामं, म्हणून टायपिंग काढलं. रांगीकडच्या ग्रामसभेची जाहिरात, तीच जुन्या नमुन्याची. मनात म्हटलं, आता बसा. डबल क्लिक केलं आणि फाइल समोर. पापणी लवायच्या आत.

दुसरी उघडली. तीही. सचिवांचा करारनामा उघडला, तोही.

भाचा म्हणाला, "मावशी, नेट गेलं म्हणून उघडली काय?"

मी हसले. धानोऱ्यात नेट नसल्यामुळे काय काय अडतं याची यादी कुणीही देईल. रेशनचं अंगठ्याचं मशीन, बँक, शिष्यवृत्ती, सातबारा. नेट असल्यामुळे काही अडतं हे कोण मानेल? पण संध्याकाळी लाइन आली तेव्हा करून पाहिलं. राउटरची वायर लावली, फाइल पांढरी. वायर काढली, फाइल झटकन उघडली. पुन्हा लावली, पुन्हा पांढरी. भाच्याने मला फक्त एका भुवईने उत्तर दिलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातली मेख लक्षात आली. वायरच नसेल तर विंडोजला ठाऊक असतं की बाहेर जायला रस्ता नाही. नेटवर्कवरच्या एखाद्या फाइलीची मागणी आली तर ते तिथल्या तिथे 'नाही' म्हणून टाकतं. वायर असली की रस्ता आहे. मग ते शोधायला निघतं आणि शोधत राहतं. माझी फाइल बाहेरचं काहीतरी मागते आहे आणि ते बाहेर सापडत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' ही आज्ञा देता येते. मशीन या क्षणी कुणाकुणाशी बोलतंय याची यादी ती दाखवते. फाइल अडलेली असतानाच भाच्याने ती चालवली. यादीत एक ओळ होती. समोरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, पोर्ट ४४५, आणि पुढे 'सिन सेंट'. म्हणजे हाक मारली आहे, उत्तर आलेलं नाही. ४४५ हे विंडोजचं शेअर केलेल्या फोल्डरांचं दार.

विंडोजची हाक मारण्याची रीत अशी: एकदा हाक, थोडी वाट. पुन्हा हाक, आधीपेक्षा दुप्पट वाट. पुन्हा हाक, त्याच्याही दुप्पट. बेरीज सुमारे एकवीस सेकंद. मग हा रस्ता सोडून दुसऱ्या दाराने, नंतर तिसऱ्याने, आणि वर्डने पुन्हा विचारलं की पहिल्यापासून सगळं. चहाचा कप विसळायला वेळ मिळतो तो असा.

पत्ता पाहून भाचा म्हणाला, "हा तर आपल्याच दुकानातला नंबर दिसते." दिसतो, पण नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत, १९९४ पासून. प्रत्येक दुकान, प्रत्येक शाळा, प्रत्येक घर आपापल्या चार भिंतींत तेच आकडे वापरतं. आपल्याकडे गावोगाव 'वरचा टोला' असतो, तसं. गावात असताना वरचा टोला म्हटलं की बरोबर पोचतो, पण नागपूरच्या बसस्टँडवर रिक्षावाल्याला 'वरच्या टोल्यावर घे' म्हणून चालत नाही. माझं मशीन कुणा दुसऱ्याच गावचा वरचा टोला शोधत होतं.

आमच्या दुकानातले आकडे आणि तो आकडा यांत शेवटून दुसरा अंक वेगळा आहे. म्हणून विंडोज तो पत्ता दुकानाबाहेरचा समजून राउटरकडे देतं, राउटर पुढे देतो, आणि पुढे तो कुठेतरी टाकून दिला जातो. 'असा कुणी राहत नाही' असं कळवायला कुणी परत येत नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

हा पत्ता फाइलीत कुठे लिहिलाय? वर्डमध्ये शोधा म्हटलं तर सापडत नाही, कारण तो मजकुरात नाही.

डॉक्सची फाइल मुळात झिप असते. २००७ च्या ऑफिसपासून हे असं आहे. नाव बदलून शेवटी झिप लिहायचं आणि उघडायचं. आत फोल्डर दिसतात: एक चित्रांचं, एक नात्यांचं, मजकुराची एक मोठी फाइल, सेटिंगची एक छोटी. नात्यांच्या फोल्डरात सेटिंगच्या नावाची आणखी एक इवलीशी फाइल होती. नोटपॅडमध्ये उघडली. तिच्यात पत्ता. दोन उलट्या तिरक्या रेघा, तोच आकडा, मग 'नमुने' नावाचं फोल्डर, मग 'ग्रामसभा पत्र'. शेवटी टेम्प्लेटची खूण.

तर असं आहे. ही फाइल कधीकाळी कुठल्या तरी ऑफिसात, तिथल्या सर्व्हरवर ठेवलेल्या नमुन्यावरून तयार झाली. नमुन्यातून फाइल निघते तेव्हा ती नमुन्याचा पत्ता स्वतःजवळ ठेवते. दर वेळी उघडताना वर्ड आधी त्या पत्त्यावर जाऊन नमुना आणायला बघतं, तिथली शैली, मॅक्रो, बटणं हवी असतील म्हणून. नमुना सापडला नाही तर ते स्वतःचा नेहमीचा 'नॉर्मल' वापरून काम भागवतं. भागवता येतं, हे महत्त्वाचं. उघडायला त्या नमुन्याची गरज अजिबात नाही. मजकूर, शीर्षपत्र, अक्षरं, सगळं फाइलीतच आहे. तरी आधी हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची, ही शिस्त.

आणि वाट बघताना खिडकीसुद्धा गोठवायची, हे मला पटत नाही. जो धागा खिडकी रंगवतो, क्लिक ऐकतो, तोच शोधायला जाऊन बसतो. ही मांडणी सगळे एकाच इमारतीत बसतात आणि सर्व्हर बाजूच्या खोलीत असतो अशा ऑफिसासाठी ठीक होती. पेनड्राइव्ह खिशात घालून मुरुमगावहून येणाऱ्या माणसासाठी नव्हती.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंती. मिरवणुकीमुळे दुकान अर्धा दिवस.

त्या ऑफिसचा शोध लागला. गडचिरोलीतलं होतं, नाव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी ग्रामसभांना कागदपत्रांसाठी मदत करायचे आणि चांगली करायचे. शीर्षपत्र, ठराव, लिलावाची जाहिरात, करारनामा, मजुरीचा हिशेब, सगळ्यांचे सुबक नमुने त्यांनी केले. युनिकोडमध्ये केले, हे विशेष. त्या वेळी निम्मा जिल्हा कृतीदेव फाँटमध्ये टाइप करत होता आणि दुसऱ्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचं गिचमीड दिसायचं. ग्रामसभांनी ते नमुने पेनड्राइव्हवर नेले, त्यावरून पुढच्या वर्षीच्या फाइली केल्या, त्यांवरून त्याच्या पुढच्या. प्रकल्प संपला, ऑफिसने जागा बदलली, सर्व्हर भंगारात गेला. फाइली चालत राहिल्या, पत्ता आत घेऊन.

फोनवरच्या माणसाला मी विचारलं, त्या नमुन्यांची एखादी प्रत आहे का? तो म्हणाला, "कुणाकडे तरी असेल." तेवढ्यावर मी फोन ठेवला. नमुना मला नकोच होता.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

उपाय सोपा निघाला. वायर काढायची. फाइल उघडायची. 'डेव्हलपर' पट्टीवर 'डॉक्युमेंट टेम्प्लेट' नावाचं बटण असतं. ही पट्टी आधी ऑप्शनमधून खूण करून आणावी लागते, एरवी दिसत नाही. तिथे नमुन्याचा पत्ता दिसतो. तो पुसायचा, ओके, सेव्ह. मग वायर लावून उघडायची. एकदम उघडते.

जुन्या 'डॉक' फाइली झिप नसतात, त्यांना नोटपॅडची युक्ती चालत नाही, पण हा बटणाचा रस्ता त्यांनाही लागू पडतो.

एकेक करत बसलो तर मे उजाडेल आणि पानं तोडून होतील. म्हणून भाच्याने एक छोटा मॅक्रो लिहिला. फोल्डरातली प्रत्येक फाइल उघड, नमुन्याचा पत्ता रिकामा कर, सेव्ह कर, बंद कर, पुढची घे. हे सगळं नेट बंद ठेवून. मशीन आपलं आपण चालत होतं, आम्ही दोघं जेवत होतो.

पण सुरू करण्याआधी त्याला थांबवून एक अट घातली: मूळ फाइलींना हात लावायचा नाही. त्यांची प्रत काढायची आणि प्रतीवर मॅक्रो चालवायचा. तो म्हणाला, काहून? कारण सेव्ह केलं की 'बदल केल्याची तारीख' आजची पडते. २०१७ च्या ग्रामसभेचा ठराव, आणि फाइलीवर तारीख फेब्रुवारी २०२४. उद्या माहितीच्या अधिकारात कुणी मागितला, किंवा ठेकेदार कोर्टात गेला, तर विचारतील ना, सात वर्षांनी ठरावात काय बदललंत? काहीच बदललं नाही हे आम्हाला ठाऊक. समोरच्याला कसं पटवणार? सही-शिक्क्याचा कागद खरा, फाइल दुय्यम, हे खरंय. तरी दफ्तरातल्या फाइलीला आपल्या सोयीसाठी नवी तारीख लावू नये. जे फॉर्म म्हणून पुढे वापरायचंय ते दुरुस्त करावं, जे घडून गेलंय ते ताटकळत उघडलं तरी चालेल.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं सरळ झालं असं वाटत होतं, तोवर एक नवीन अडलं. कठाणी नदीच्या बाजूच्या एका ग्रामसभेचा प्रस्ताव. नमुन्याचा पत्ता पुसला, तरी फाइल अडते. पाचव्या पानापर्यंत जाते आणि तिथे बसते.

पाचव्या पानावर त्यांच्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्राचा नकाशा असायला हवा. तिथे रिकामी चौकट आणि लाल फुली.

वर्डमध्ये चित्र घालताना 'इन्सर्ट' बटणाच्या बाजूला एक बारीक बाण असतो. त्यात तीन पर्याय: घाला, नुसता दुवा द्या, घाला आणि दुवाही द्या. कुणीतरी मधला निवडला होता. त्यात चित्र फाइलीत येतच नाही, फक्त चित्राचा पत्ता येतो. फाइल हलकी राहते म्हणून ऑफिसवाले तो निवडायचे. पत्ता त्याच सर्व्हरचा. सर्व्हर भंगारात, नकाशाही त्याच्याबरोबर.

नमुना गेला त्याचं काही बिघडलं नव्हतं. हे मात्र बिघडलं. इतकी वर्षं ही फाइल 'नकाशासहित' म्हणून एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर जात होती आणि नकाशा तिच्यात कधीच नव्हता. त्या ऑफिसात बसून उघडली तेव्हा दिसला, म्हणून सगळ्यांना वाटलं, आहे.

अध्यक्षांना फोन केला. म्हातारे आहेत, गोंडीत बोलतात, मध्ये मध्ये मराठी. म्हणाले, नकाशा पेटीत आहे, कागदावर, सही-शिक्क्याचा. या घेऊन जा.

१ मार्च, शुक्रवार

सकाळी भाच्याच्या गाडीवर गेलो. मोह अजून पुरता लागला नाही, पण झाडाखालचा पालापाचोळा लोकांनी जाळून साफ केलाय.

जाताना मेंढा (लेखा) वाटेत. इथून जवळच. या गावाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आणखी काय लिहू. पण गेले काही दिवस डोक्यात वाट बघणाऱ्या फाइली घोळतायत, म्हणून इथल्या बांबूची गोष्ट आठवली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काचा कागद हातात, जंगलात बांबू उभा. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवाना द्यायचा वनविभागाने. वनहक्क कायदा म्हणतो, बांबू गौण वनोपज. १९२७ चा वन कायदा म्हणायचा, बांबू झाड. दोन कायद्यांच्या मध्ये गाव बसून. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण इथे आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. मेंढ्याचे नेते देवाजी तोफा तेव्हा पुढे होते. परवाना आता ग्रामसभाच फाडते. १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये.

हक्क असून परवान्यासाठी थांबणं आणि मजकूर जवळ असून नमुन्यासाठी थांबणं, दोन्हींत फरक आहे हे कळतं मला. मशीनला कुणी मुद्दाम थांबवलेलं नसतं.

अध्यक्षांच्या घरी लोखंडी पेटी उघडली. वर धान्याच्या पावत्या, मग पासबुकं, मग ठरावांची वही, तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला नकाशा. घड्यांवर शाई थोडी उडालीय, पण नाले, पहाडी, देवस्थानाची जागा, शेजारच्या गावाची शीव, सगळं वाचता येतं. घरच्या बाईंनी मोहफुलाचे लाडू दिले. नकाशा नेताना अध्यक्षांनी मला पावती लिहून मागितली. वहीच्या पानावर लिहून दिली, भाच्याने साक्षीदार म्हणून सही केली. बरोबर मागितली. माझ्याआधी ज्यांनी नेला होता त्यांच्याकडून मागितली होती का, हे विचारायचं राहिलं.

४ मार्च, सोमवार

नकाशा आमच्या स्कॅनरवर मावत नाही. चार तुकड्यांत स्कॅन केला आणि भाच्याने रात्री बसून जोडला. फाइलीत घातला तो पहिल्या पर्यायाने, म्हणजे आतच. फाइल जड झाली. होऊ दे. शिवाय पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये असले बाहेरचे दुवे शोधत बसण्याची भानगड राहत नाही. मूळ कागद घडी न घालता नळीत गुंडाळून परत पाठवला, पावती फाडून घेतली.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. अर्धं गाव मार्कंड्याच्या यात्रेला. दुकानात शुकशुकाट, म्हणून राहिलेली बारीक दुखणी काढली.

एक, प्रिंटर. तिसऱ्या मशीनवर कोरी फाइलसुद्धा हळू उघडत होती. तिथे डिफॉल्ट प्रिंटर म्हणून बाजूच्या दुकानातला नेटवर्क प्रिंटर लावलेला, आणि ते दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. प्रिंट काढायची नसली तरी वर्ड प्रिंटरला विचारतं, कारण पानाची मांडणी, समास, ओळ कुठे मोडायची हे ते प्रिंटरकडून समजून घेतं. आमचा स्वतःचा प्रिंटर डिफॉल्ट केला आणि 'विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर सांभाळू द्या' ही खूण काढली. ती असली की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो आणि एक दिवस तुम्हाला न सांगता पुन्हा तेच.

दोन, अलीकडच्या फाइलींची यादी. 'ओपन' वर गेलं की अडायचं, फाइल निवडायच्या आधीच. यादीत बंद पडलेल्या शेअरवरच्या काही फाइली होत्या. उजवं क्लिक करून एकेक काढल्या. खूप असतील तर ऑप्शनमध्ये यादीची संख्या शून्य करून पुन्हा वाढवावी.

तीन, 'झेड' नावाची ड्राइव्ह, लाल फुलीची. कधीकाळी मीच जोडलेली. उजवं क्लिक, डिसकनेक्ट.

लक्षण एकच, खिडकी पांढरी. कारणं पाच, नमुना, दुवा, प्रिंटर, यादी आणि ड्राइव्ह. फॉरमॅट मारला असता तर शेवटची तीन गेली असती आणि पहिली दोन पुढच्या पेनड्राइव्हबरोबर परत आली असती.

१६ मार्च, शनिवार

दुपारी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. गडचिरोली-चिमूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला. आचारसंहितेत लिलावाचं काय होईल या धास्तीने गेला आठवडाभर ग्रामसभांची रीघ होती. बहुतेकांच्या जाहिराती गेल्या. आता दर काय येतो ते बघायचं. पुडक्यात पानं सत्तर, बॅगेत पुडकी हजार, तेवढं ठरलेलं. बाकी सगळं ठेकेदारांच्या मनावर.

जाहिरातीचा नवा कोरा फॉर्म करून ठेवलाय. तो नुसती फाइल आहे, कुठल्याही नमुन्याला जोडलेली नाही. शीर्षपत्र आत, चित्र आत, अक्षर युनिकोड. ज्याला हवा त्याला पेनड्राइव्हवर देते.

संध्याकाळी पेंढरीकडून दोघं आले. लॅपटॉप घेऊन, ग्रामसभेचाच. फाइल अडते म्हणाले. भाच्याने फोनवरचा त्यांचा हॉटस्पॉट बंद करायला लावला, फाइली उघडल्या, पत्ते पुसले, प्रती वेगळ्या फोल्डरात ठेवल्या. जाताना त्यांनी विचारलं, किती झाले?

भिंतीवरच्या दरपत्रकात टायपिंग आहे, झेरॉक्स आहे, लॅमिनेशन आहे. मेलेल्या सर्व्हरचा पत्ता पुसण्याचा दर नाही. मी भाच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "पानाप्रमाणे लावा ना जी."

पानाप्रमाणे कसे लावणार, पान तर एकही टाइप केलं नव्हतं. शेवटी एका फॉर्मच्या टायपिंगचे घेतले आणि पावतीवर 'दुरुस्ती' लिहिलं.